तोट्यांचा रकाना

बर्मिंगहॅमच्या कंपनीचं नोकरीचं पत्र आल्यापासून मी फायदे-तोटे लिहून काढतोय. फायद्यांचा रकाना भराभर भरला. मुलीला सरकारी शाळा, फी नाही. लंडनपेक्षा घरभाडं कमी, आणि लंडनला जायचंच झालं तर रेल्वेने दीडेक तास. कालव्यांच्या काठाने चालायला रस्ते. सोहो रोडवर मेथी-कोथिंबीर, टिव्हिडेलला बालाजीचं देऊळ.

तोटेही लपवले नाहीत. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला दिवस मावळतो. आरोग्यसेवेचा अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे पैसे आधीच मोजायचे. त्यात तिथल्या महापालिकेने सप्टेंबर २०२३ मध्ये तिजोरी रिकामी झाल्याची नोटीस काढली, पुढच्या वर्षी घरांवरचा कर जवळजवळ दहा टक्क्यांनी वाढवला, आणि २०२५ मध्ये सफाई कामगारांच्या संपामुळे रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. (पुण्यात राहणाऱ्याने याचा फार बाऊ करू नये.)

हा कागद परत वाचला तेव्हा एक गोष्ट खटकली. यातला प्रत्येक तोटा मला होणारा आहे. थंडी मला, अंधार मला, खर्च माझा. आई साताऱ्याला दादाकडे असते. तिचं नाव आहे, पण ते फायद्यांत: ‘नंतर आईलाही बोलावून घेऊ.’

तिला फोनवर मी हेच सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तिकडे माझ्या बीपीच्या गोळ्या मिळतात का रे?” मी म्हटलं, मिळतात. गोळ्यांचं खरंच आहे. बाकीचं तसं नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना कायमचं तिकडे नेण्याचे नियम इंग्लंडने २०१२ साली इतके आवळले, की ती वाट जवळपास बंदच आहे. आधी मुलाला तिथला कायमचा रहिवास हवा. मग आईला अंघोळ, कपडे, स्वयंपाक असली रोजची कामं दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाहीत हे दाखवायचं. वर, तशी देखभाल मुलाने पैसे पाठवूनही मायदेशी होण्यासारखी नाही, हेही सिद्ध करायचं. साताऱ्यात मी पगारी बाई ठेवू शकतो, म्हणजे तिथेच विषय संपला. उरतो पाहुणीचा व्हिसा, एका खेपेला फार तर सहा महिन्यांचा. हे सगळं मी पत्र आलं त्याच आठवड्यात वाचलं होतं. आईशी बोललो ते त्यानंतर.

आईचं करतं कोण? ‘आई दादाकडे असते’ असं आम्ही सगळे म्हणतो. दादा सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो तो रात्री येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिवसातून चारदा थेंब घातले ते वहिनीने, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सांभाळून, दुपारच्या थेंबांसाठी मधल्या सुट्टीत घरी येऊन. तेव्हा मी पैसे पाठवले होते. ते पोचल्याचा मेसेज दादाने केला, वहिनीने नाही.

आणखी टोचतं ते पुढचंच. पुणे-सातारा सव्वाशे किलोमीटरही नाही, सकाळी निघून रात्री परत येता येतं. तरी मी जातो गणपतीला आणि दिवाळीला. एरवी ‘या वीकेंडला काम आहे’. म्हणजे इंग्लंडमुळे आईपासून मी लांब जाणार असं नाही, लांब तर आहेच. इंग्लंडमुळे न येण्याला एक मानाचं कारण मिळेल. पुण्यात राहून आला नाही तर नातेवाईक नावं ठेवतात. बर्मिंगहॅमहून आला नाही तर ‘बिचारा, एवढ्या लांब’ म्हणतात. माझ्या यादीतला सगळ्यात मोठा फायदा हाच असावा, आणि कागदावर तो मी कुठेच लिहिलेला नाही.

एवढं कळूनही मला जायचंय. काम मनासारखं आहे, मुलीला जग दिसेल, आणि या इच्छेची मला लाज वाटत नाही. पण मग ‘मुलीसाठी जातोय’, ‘आईला नंतर नेतोय’ ही पांघरुणं काढायला हवीत. आईला सांगायचं की तुला नेता येणार नाही. आणि वहिनीला विचारायचं. दादाला कळवलं म्हणजे तिला विचारलं असं होत नाही. आजवर तिला कोणी विचारलेलंच नाही, मीही नाही.

ती ‘हो’च म्हणेल, या भरवशावर विचारणं सोपं आहे. ‘नाही, आता तुम्ही करा’ असं म्हणाली, तर पत्राला नकार कळवायची माझी तयारी आहे का? अजून नाही. म्हणून फोन लांबतोय, आणि होकार कळवायची तारीख जवळ येतेय.