धूळ पुसता येते, खांब नाही

विमानाचा फोटो काढणे हा या छंदातला सोपा भाग. खरी शिकवणी सुरू होते ती घरी, संगणकासमोर. विमानांच्या फोटोंची जी मोठी ऑनलाइन दालने आहेत, तिथे आलेले प्रत्येक चित्र स्क्रीनर मंडळी तपासतात. हे बहुतेक स्वयंसेवक, याच छंदात मुरलेले. नवख्याचे फोटो सुरुवातीला हमखास परत येतात आणि सोबत दोन-तीन शब्दांचे कारण येते : क्षितिज कलले आहे, विमान मध्यभागी नाही, शार्पनिंग जास्त, सेन्सरवर धूळ, हीट हेझ.

मग नवखा एकेक गोष्ट शिकू लागतो. फोटो सरळ करताना धावपट्टीवर विसंबायचे नाही, तिला उतार असू शकतो. मागच्या इमारतीच्या उभ्या कडा पाहायच्या. शार्पनिंग सगळ्यात शेवटी, फोटोचा आकार लहान केल्यावर आणि तेही जपून. हात सैल सुटला की विमानावरच्या अक्षरांच्या तिरप्या कडा करवतीसारख्या दातेरी होतात. धूळ शोधायची युक्ती तर मजेशीरच. निळेशार, स्वच्छ दिसणारे आकाश ‘इक्वलाइझ’ केले की रंग भडकून चित्र विद्रूप होते आणि सेन्सरवर बसलेला कण न् कण काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. कण कुठे आहेत ते हेरायचे, चित्र पूर्ववत करायचे आणि ठिपके पुसून टाकायचे.

इथवर सगळे कारागिरीचे. पेच पुढे आहे. विमानाच्या नाकासमोर दिव्याचा खांब आला असेल, तर ज्या ब्रशने धूळ पुसली त्याच ब्रशने खांबही पुसता येतो. पण दालनाचा नियम ठाम आहे : धूळ पुसा, खांबाला हात लावायचा नाही.

का बरे? डाग तो डागच. शिवाय ठिपका पुसल्यावर तिथे जे आकाश दिसते, तेही कॅमेऱ्याने पाहिलेले नसते. शेजारच्या निळ्यातून उसने आणलेले असते. मग एक उसनवारी चालते आणि दुसरी का चालत नाही?

हा प्रश्न कॅमेऱ्याहून फार जुना आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या करताना ज्या अटी येतात, त्यांतल्या दोन अशा : ते ज्ञान चुकवणारे नसावे आणि संदिग्ध नसावे. भाष्यकार वात्स्यायनाने या दोन अटींसाठी दिलेली उदाहरणे वाचून कुठलाही स्क्रीनर चमकेल. पहिले उदाहरण मृगजळाचे : उन्हाळ्यात जमिनीच्या उष्म्यात मिसळून थरथरणारे किरण दूरच्या माणसाला पाणी भासतात. दुसरे, लांबवर काहीतरी दिसते, पण धूर की धूळ ते ठरत नाही. मे महिन्यातल्या दुपारी मुंबईच्या धावपट्टीपलीकडून काढलेल्या फोटोत विमानाच्या खिडक्यांची रांग लाटेसारखी वाकडी दिसते, ती याच उष्म्याने.

ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका तर यादीच देते. असलेली वस्तू का दिसत नाही, याची आठ कारणे : फार दूर, फार जवळ, इंद्रियात बिघाड, मन ठिकाणावर नसणे, वस्तू सूक्ष्म असणे, मध्ये आडोसा, प्रखर तेजाने झाकोळणे आणि सारख्यात सारखे मिसळून जाणे. पांढऱ्या ढगापुढे पांढरे विमान हा शेवटचा प्रकार, सूर्यासमोर धरलेला कॅमेरा हा त्याआधीचा.

या यादीत धूळ आणि खांब वेगवेगळ्या रकान्यांत जातात. धूळ हा इंद्रियाचा बिघाड, खांब हा आडोसा. त्याच जागी दुसरा कॅमेरा उभा असता तर त्याला तो ठिपका दिसला नसता, खांब मात्र दिसलाच असता. म्हणजे ठिपका पुसताना माणूस आपला डोळा साफ करतो, आणि खांब पुसताना दुसऱ्या साक्षीदाराला खोटे पाडतो.

साक्षीदार हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. जानेवारी २००४ मध्ये स्पेनच्या माजोर्का बेटावर, पाल्मा विमानतळावर एका हौशी स्पॉटरने एका बोइंग ७३७चा फोटो काढला. त्यावर नोंदणी क्रमांक होता एन३१३पी. जर्मन नागरिक खालेद अल-मस्री याला त्याच महिन्यात मॅसिडोनियातून अफगाणिस्तानात नेणारे सीआयएचे विमान ते हेच, असे पुढे शोधपत्रकारितेतून उघड झाले. डिसेंबर २०१२ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अल-मस्रीच्या बाजूने निकाल दिला. कुणा हौशी माणसाने टिपलेले पाच अक्षर-अंक कधी कुणाच्या कामी येतील, हे क्लिक करताना कळत नसते.

याच्या उलट उदाहरणही विमानाचेच. ऑगस्ट २००६ मध्ये रॉयटर्सच्या एका छायाचित्रकाराच्या फोटोत इस्रायली एफ-१६ विमानातून तीन फ्लेअर पडताना दिसत होते. प्रत्यक्षात होता एकच. उरलेले दोन क्लोन केलेले. त्याच्या बैरुतच्या फोटोतला धूरही असाच वाढवलेला निघाला होता. संस्थेने त्याचे सगळे, म्हणजे ९२० फोटो संग्रहातून काढून टाकले. दोन फोटो खोटे निघाले आणि बाकीच्यांवरचा विश्वासही त्यांच्याबरोबर गेला.

तरीही दालनांचा नियम सत्याच्याच पायावर उभा आहे असे म्हणावे, तर रंगापाशी पाय घसरतो. सूर्यास्ताच्या उजेडात पांढरे विमान खरोखरच नारिंगी दिसते. ते तसेच ठेवले तर ‘रंग पिवळट’ असा शेरा मिळू शकतो. पांढरे केले तर संध्याकाळ हरवते. रॉ फाइलमध्ये पांढरा कोणता हे ठरलेले नसते, ते कुणीतरी ठरवावे लागते. पावसाळ्यात करड्या आभाळापुढचे करडे विमान अगदी खरे असते, पण ‘कॉन्ट्रास्ट कमी’ म्हणून मागे पडते. खांबापुरता काटेकोर असलेला नियम इथे रूढीचा आणि आवडीचा होऊन बसतो, आणि अंगावर ऊन घेतलेली, चौकटीच्या बरोबर मध्यावर बसलेली विमाने पुढे सरकतात.

उष्म्यावर तर ब्रशच नाही. तो दोष ना डोळ्याचा, ना वस्तूचा, मधल्या हवेचा. त्यावर इलाज एकच, पहाटेचा गजर.

नवखा आपल्या फाइलकडे परततो. खांब आहे तिथेच ठेवतो, चित्र अर्ध्या अंशाने सरळ करतो, धूळ पुन्हा एकदा तपासतो आणि पाठवून देतो. काही दिवसांनी उत्तर येते. खांबाबद्दल त्यात अवाक्षर नाही. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका राहिला आहे.