कायद्यात नाव नसलेली फळी

लाटेवर लाकडी फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याचा खेळ हवाई बेटांतील लोक फार पूर्वीपासून खेळत आले आहेत. त्या खेळात जोर लाटेचा असे आणि तोल माणसाचा. लाट नसली म्हणजे खेळणारा किनाऱ्यावर बसून वाट पाही. आता त्या फळीला मोटर आली आहे. काही फळ्यांत पेट्रोलचे लहानसे इंजिन असते, काहींत विजेची बॅटरी. काही फळ्या पाणी आत ओढून मागे फेकतात व त्या जोराने पुढे जातात. काहींच्या खाली एक दांडा व त्याला विमानाच्या पंखासारखा पंख असतो. वेग वाढला की तो पंख फळीला पाण्याच्या वर उचलतो आणि स्वार हवेत तरंगत असल्यासारखा दिसतो. स्वाराच्या हातात लहानसे यंत्र असते. त्याचा खटका दाबला की वेग वाढतो, सोडला की कमी होतो. स्वीडन, झेक प्रजासत्ताक, प्वेर्टो रिको, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी या फळ्या तयार होतात व जगभर विकल्या जातात.

या नव्या खेळण्याविषयी मासिकात लिहिण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. कारण असे की, या फळीवरून दोन प्रश्न उभे राहतात आणि ते आपल्या रोजच्या जीवनातले आहेत. पहिला: मी माझ्या जिवावर धोका पत्करतो, तेव्हा इतरांनी मला नियम का घालावेत? दुसरा: ज्या गोष्टीचे नाव कायद्यात नाही, ती करण्यास मी मोकळा आहे काय?

पहिला प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ साली स्वातंत्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात हाच विषय मांडला आहे. प्रौढ माणसाच्या वर्तनाने केवळ त्याचेच नुकसान होत असेल तर समाजाने त्याला समजवावे, पण सक्ती करू नये, असे त्याचे मत थोडक्यात सांगता येईल. यात तथ्य आहे. धोका मुळीच नसलेले जीवन कोठे आहे? कोकणातील कोळी आणि गोव्यातील खारवी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जात आले आहेत. त्यांना कोणी घरी बसा म्हणत नाही. डोंगर चढणारा, पोहायला शिकणारा मुलगा, हे सर्व काही ना काही धोका पत्करतातच. प्रत्येक धोक्यावर बंदी घातली तर माणूस भित्रा होईल, सुरक्षित होणार नाही.

पण 'केवळ माझे नुकसान' हे शब्द या फळीला लागू पडतात काय, ते हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी फळी एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांनी पाहून हाताने खटका सोडायला साधारण एक सेकंद लागतो असे धरले, तर तेवढ्यात ती ११ मीटर गेलेली असते. पाण्यात पोहणाऱ्या माणसाचे फक्त डोके वर दिसते, आणि लाटांमध्ये ते एखाद्या तरंगत्या नारळाएवढेच. शिवाय सहा मीटरांहून थोड्या अधिक उंचीवरून, म्हणजे घराच्या दुसऱ्या मजल्यावरून, पडणारी वस्तू जमिनीवर आदळतेवेळी जो वेग घेते, तोच हा वेग आहे. फळीखालचा पंख धारदार असतो. आता सांगा, धोका कोणाच्या जिवावर आहे?

बरे, आसपास पोहणारा कोणी नाही असे समजू. स्वार एकटाच दूर गेला आणि पडला. बॅटरी संपली, वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो आहे, अंगात लाईफ जॅकेट नाही. त्याला आणायला कोण जाणार? किनाऱ्यावरचा जीवरक्षक जाणार, नाहीतर होडी घेऊन जवळचा मच्छीमार जाणार. त्या जीवरक्षकाला घर आहे, त्या मच्छीमाराला मुले आहेत. बुडणाऱ्या माणसाची हाक ऐकून, 'त्याने स्वतःच्या जबाबदारीवर धोका घेतला होता' असे म्हणत चांगला माणूस किनाऱ्यावर बसून राहत नाही. तेव्हा जोवर जगात चांगली माणसे आहेत, तोवर माझा धोका माझ्यापुरता राहू शकत नाही. तो त्यांच्या चांगुलपणावर काढलेले कर्ज असतो. कोळ्याचा धोका आणि या स्वाराचा धोका यांतील फरकही येथेच दिसतो. कोळी पोटासाठी जातो, आणि वारा, ओहोटी, आभाळाचा रंग ओळखून जातो. उगीच कोणाला आपल्यासाठी पाण्यात उतरावे लागू नये, ही काळजी त्याच्या अंगवळणी पडलेली असते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथचा उपसागर आहे. तेथे जेट स्की नावाच्या, पाण्यावरच्या मोटरसायकलसारख्या वाहनावरील एका स्वाराने दुसऱ्या तशाच वाहनाला धडक दिली व त्यावरील मनुष्य गंभीर जखमी झाला. १९९५ च्या जहाजविषयक कायद्याखाली त्या स्वारावर खटला झाला व तो दोषी ठरला. परंतु २००५ साली अपील न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. कारण काय? कायद्यात 'जहाज' असा शब्द होता, आणि जहाज म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यासाठी वापरले जाणारे. जेट स्की तर कोठे जाण्यासाठी नसून पाण्यावर गिरक्या घेण्यासाठी असते. म्हणून ते जहाज नव्हे, असा निर्णय झाला.

ऐकून पुष्कळांना संताप येईल. पण न्यायाधीशांवर रागावणे बरोबर नाही. ज्या शब्दांत गुन्हा सांगितला आहे त्यांच्या बाहेर जाऊन कोणास शिक्षा होऊ नये, हा नियम तुमच्याआमच्या रक्षणासाठीच आहे. आज अपराध्यासाठी शब्द ताणला तर उद्या निरपराध्यासाठीही ताणला जाईल. न्यायालयाने आपले काम केले. शब्द कमी पडले ते पार्लमेंटचे. ती उणीव भरून निघायला बराच काळ गेला. ३१ मार्च २०२३ पासून तेथे नवा आदेश लागू झाला. त्याने जेट स्की व यंत्राच्या जोरावर चालणारी तत्सम वाहने जहाजांच्या सुरक्षेच्या कायद्याखाली आली, आणि धोकादायकपणे वाहन चालवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते असे ठरले.

मधल्या सतरा वर्षांचा विचार करू. त्या काळात धडक बसलेल्या माणसाचे हाड कमी दुखले काय? कायद्यात शब्द नव्हता म्हणून रक्त कमी सांडले काय? शेजाऱ्याला इजा करू नये हे कर्तव्य २०२३ साली जन्मास आले नाही. ते आधीपासूनच होते. कायद्याने फक्त त्याला उशिरा नाव दिले. हत्यार आधी येते, कायदा मागून येतो, असे नेहमीच घडते. मोटरगाडी आधी आली, रस्त्याचे नियम मागून आले. या दोहोंच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तिची राखण पोलीस करू शकत नाही. ती ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपवलेली असते. म्हणून कायद्यात नाव नसलेल्या ठिकाणी मनुष्याची जबाबदारी कमी होत नाही, उलट सर्वात अधिक असते.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील धाब्याच्या कठड्याची आज्ञा शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ठाऊक आहे. नवे घर बांधणाराने धाब्याला कठडा करावा, म्हणजे कोणी पडून त्या घरावर रक्तपाताचा दोष येणार नाही. या आज्ञेत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. एक, कोणी पडण्यापूर्वी कठडा करायचा आहे, पडल्यानंतर नव्हे. दुसरी, आज्ञेत धाबे म्हटले आहे म्हणून विहिरीचा काठ उघडा ठेवण्यास मोकळीक आहे, असा अर्थ कोणीही समंजस मनुष्य करणार नाही. शब्द धाब्याचा, पण हेतू माणसाच्या जिवाचा.

हाच हेतू आजच्या नियमांत शोधावा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अशा लहान वाहनांसाठी जे नियम आहेत ते पाहा. स्वाराने लाईफ जॅकेट अंगात घातलेच पाहिजे, आणि ते हवा भरून फुगणारे चालत नाही, कारण जोरात आपटून बेशुद्ध झालेला मनुष्य ते फुगवीत बसणार नाही. चालवणारा १४ वर्षांपेक्षा लहान नसावा. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत वाहन पाण्यात चालवू नये, कारण अंधारात ते नारळाएवढे डोके दिसत नाही. इंजिन बंद करणारी दोरी स्वाराच्या अंगाला बांधलेली असावी, म्हणजे तो पडताच यंत्र थांबेल व मोकळे वाहन कोणाच्या अंगावर जाणार नाही. नियमांची यादी रुक्ष वाटते. पण प्रत्येक नियमाच्या मागे एक 'कारण' आहे.

आता याच राज्याच्या कायद्यात अशा वाहनाची व्याख्या करताना पाणी फेकणाऱ्या पंपाचा उल्लेख आहे. तेव्हा एखादा चतुर मनुष्य म्हणेल, 'माझ्या फळीला पंप नाही, पंखा आहे, म्हणून मला हे लागू नाही.' कदाचित शब्दांच्या वादात तो जिंकेलही. पण पाण्यात पोहणाऱ्या मुलाला पंप आणि पंखा यांतील भेद समजावून सांगता येत नाही. ज्याला नियमाचे कारण समजले तो पळवाट शोधत नाही. ज्याने फक्त नियम पाठ केला, तो पोलीस दिसेपर्यंतच पाळतो.

तथापि कायदा झाला म्हणजे सर्व झाले, असेही नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीस आलेल्या मुलांची होडी उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. होडीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती, आणि अनेक मुलांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. बडोद्यातील आमच्या वाचकांना हा दिवस विसरता येणार नाही. तेथे कोणतीही नवी फळी नव्हती, वेगाची हौस नव्हती. होती ती साधी होडी आणि शांत पाणी. होडीत किती माणसे बसवावीत आणि अंगात काय घालावे, हे समजायला नव्या शोधाची किंवा नव्या कायद्याची गरज नव्हती. कठडा कसा करावा हे माहीत असून कठडा केला गेला नाही.

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले व जे भारतानेही मान्य केले आहेत, त्यांतील दुसरा नियम मला फार मोलाचा वाटतो. त्याचा आशय असा की, या नियमांचे पालन केले एवढे सांगून कोणीही, साध्या शहाणपणाने घ्यावयाची काळजी न घेतल्याच्या दोषातून सुटत नाही. उलट, समोर संकट उभे असेल तर ते टाळण्यासाठी नियमापासून दूर जाणेही आवश्यक ठरेल. नियम करणारांनी नियमांच्या आरंभीच ही कबुली दिली आहे की नियम हा पाया आहे, छप्पर नव्हे. त्याच्या खाली जाऊ नये, पण त्याच्यापाशी थांबूही नये.

कोणी म्हणेल, आपण प्रार्थना करून निघतो, देव सांभाळतो. प्रार्थना अवश्य करावी. पण मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून देवाची परीक्षा पाहण्यास प्रभूने नकार दिला, हे आपण मुलांना शिकवतो ना? लाईफ जॅकेटचे बंद न बांधता केलेली प्रार्थना त्या उडीच्या फार जवळ जाते.

शेवटी शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक विनंती. उन्हाळ्याच्या सुटीत आपली मंडळी मुलांना घेऊन तलावावर, धरणावर, गोव्याच्या किनाऱ्यावर जातात. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेले आहेत. त्यांनी लाल निशाण लावले असेल तर मुलांना पाण्यात उतरवू नका, मग पाणी कितीही शांत दिसो. होडीत बसण्यापूर्वी माणसे मोजा, जॅकेटे मोजा, आणि प्रत्येक मुलाचे बंद स्वतःच्या हाताने ओढून पाहा. जॅकेट कमी असतील किंवा माणसे जास्त असतील, तर बसू नका.

हे सांगणे सोपे आहे. करण्याची वेळ येते तेव्हा धक्क्यावर रांग लागलेली असते, पैसे भरलेले असतात, मुले हट्ट करीत असतात, होडीवाला 'काही होत नाही, रोज नेतो' म्हणत असतो आणि सोबतचे शिक्षक तुमच्याकडे चिडून पाहत असतात. त्या क्षणी एकट्याने उभे राहून 'आम्ही जाणार नाही' असे म्हणणे, हे लाटेवर फळी चालवण्यापेक्षा अधिक धैर्याचे काम आहे. त्यासाठी कोणी टाळ्या वाजवणार नाही. मुले रडत घरी येतील आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरतील. कठड्यामुळे कोण वाचले हे कठडा बांधणाराला कधीच समजत नाही. तरी तो बांधावा.