टंचाई मेंदूपर्यंत पोहोचते

पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूरच्या माणसासाठी अणुऊर्जा विभाग म्हणजे १९६९ पासून वीज देणारे केंद्र. त्याच विभागाच्या अनुदानावर कुलाब्यातली टाटा मूलभूत संशोधन संस्था चालते आणि तिथे डॉ. विदिता वैद्य २००० पासून ताण, सेरोटोनिन हे मेंदूतले रसायन आणि वर्तन यांचे नाते उलगडत आहेत. येलमध्ये रोनाल्ड ड्युमन यांच्याकडे डॉक्टरेट, २०१५ चे भटनागर पारितोषिक, २०२२ चे इन्फोसिस पारितोषिक हे सगळे आहेच. पण पालघर जिल्ह्याने घ्यावे असे जे आहे, ते त्यांच्या प्रयोगांतल्या उंदरांच्या पिंजऱ्यात आहे. या जिल्ह्यात बालआरोग्याचा हिशेब वजनकाट्यापाशी संपतो. आईला तान्ह्या बाळाजवळ राहता येते की नाही, हा प्रश्न आरोग्याचा धरलाच जात नाही. तो धरायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

प्रयोग दिसायला साधा. जन्मानंतर दुसऱ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पिल्लांना रोज तीन तास आईपासून वेगळे ठेवायचे. अशी पिल्ले मोठेपणी अधिक भित्री निघतात. वैद्य यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले, की त्याच कोवळ्या दिवसांत पेशींवरचे सेरोटोनिनचे ठरावीक ग्राही (रिसेप्टर) औषधाने रोखले तर ही भीती पुढे उद्भवत नाही. म्हणजे स्वभाव म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातला काही भाग बालपणीच्या रसायनांनी घडवलेला असतो. २०१३ मधला निष्कर्ष तर अधिक अस्वस्थ करणारा आहे. लहानपणी ताण सोसलेले उंदीर ऐन तारुण्यात, ताणाच्या प्रसंगी शिकण्यात उलट सरस ठरले. मध्यम वयात मात्र मेंदूतल्या स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसमधली नव्या पेशींची निर्मितीही घटली आणि आकलनही. पाच वर्षांच्या मुलाचे वजन भरले की नोंदवही मिटणाऱ्या यंत्रणेला ही उधारी दिसणार कशी?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. माणसांवर असा प्रयोग करता येत नाही, करूही नये. तरी बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या मुलांचा अभ्यास आहे: जी मुले दोन वर्षांची होण्याआधी सांभाळणाऱ्या कुटुंबांत गेली, त्यांचा बौद्धिक विकास उशिरा गेलेल्यांपेक्षा चांगला झाला. अनाथालय हे टोकाचे उदाहरण, पण दिशा तीच. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: या शास्त्राने दोष पुन्हा आईच्याच माथी येईल. त्याचे उत्तर कॅलिफोर्नियात टॅली बाराम यांच्या प्रयोगशाळेने दिले आहे. तिथे आईला हलवले नाही. फक्त घरट्यासाठीचे साहित्य कमी केले. आई तीच, पण तिची देखभाल तुटक झाली आणि पिल्लांच्या रक्तातले ताणाचे संप्रेरक वाढले. उणीव आईत नव्हती, टंचाईत होती.

आणि आधी पोटाचे बघा, असे कुणी म्हणेल. जव्हारच्या वावर-वांगणीतले १९९२ चे कुपोषणाने झालेले बालमृत्यू आठवले की त्याला नाही म्हणवत नाही. पण अन्न आणि आईचा वेळ या वेगळ्या रांगा नाहीत. तान्ह्या बाळाला दोन्ही एकाच कुशीत मिळतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्यातली कुटुंबे वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर ‘जगायला’ जातात, तेव्हा बाळाची अंगणवाडी गावात राहते आणि आई चिखलात. १९४८ च्या कारखाना कायद्याने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसहून अधिक बायका कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले होते. भट्टीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बाया असतात, तिथे त्या आकड्याचा काय उपयोग? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदारामार्फत विखरून लागलेल्या बायांचेही तेच. पाळणाघरांसाठीची केंद्राची ‘पाळणा’ योजना कागदावर आहे. जिल्हा नियोजन समितीने तिचा पैसा महिला-बालकल्याणाची शोभा म्हणून न मांडता आरोग्याचा खर्च म्हणून मांडावा, आणि पाळणाघरे गावात नव्हे तर भट्ट्यांच्या आवारात, हंगामाआधी, दिवाळीपूर्वी उभी करावीत.