निदानाचे मोल

सप्तशृंगगडाहून नांदुरीकडे दुचाकी उतरवताना वाहनाचा भार पुढच्या चाकाकडे झुकलेला असतो. ब्रेक दाबताच तो आणखी पुढे सरकतो आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढच्या ब्रेकला करावे लागते. तरीही आपल्याकडे असंख्य माणसे पुढच्या ब्रेकला भीत, केवळ मागच्या ब्रेकवर आयुष्यभर गाडी चालवतात. या सवयीचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. जो ब्रेक वापरलाच जात नाही, त्यातला दोष महिनोन्‌महिने अज्ञात राहतो आणि नेमक्या निकडीच्या क्षणी प्रकट होतो.

माझ्या मोटारसायकलीचा दोष मात्र गर्दीत उघड झाला. द्वारका चौकात सिग्नलला थांबलो असता हलकेच दाबून धरलेला पुढचा लिव्हर सावकाश मुठीकडे सरकू लागला. ज्या कार्यशाळेत गाडी नेली, तिथे ब्रेक पॅड बदलले गेले. दोष कायम राहिला. मग ब्रेक ऑइल बदलून हवा काढण्यात आली, आणि तरीही लिव्हर तसाच खचत राहिला. प्रत्येक वेळी काम प्रामाणिकपणे झाले होते. परंतु लिव्हर का खचतो, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

तो विचारला सातपूरच्या एका वयस्क मिस्तरींनी. हत्यार हाती घेण्यापूर्वी त्यांनी मला बोलते केले. गाडी थंड असतानाही असेच होते का? पटापट पंप केल्यावर लिव्हर कडक होतो का? त्यांनी लिव्हर एकदा झटक्याने दाबला, तेव्हा तो घट्ट लागला. मग अगदी हळू दाबून धरला, तेव्हा तो खाली गेला. कॅलिपर, पाइप, जोड हे सारे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. सर्व कोरडे होते. “भाऊ, ऑइल बाहेर कुठं येत नाही, म्हणजे ते आतल्या आतच परत जातंय,” ते म्हणाले. मास्टर सिलिंडर उघडल्यावर पिस्टनवरचे रबरी सील झिजलेले आढळले.

या यंत्रणेचा पाया फ्रेंच विचारवंत ब्लेझ पास्कल यांचा नियम आहे. त्यांचा द्रवांविषयीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना समान पोहोचतो, म्हणून दोन बोटांचे बळ डिस्कला आवळू शकते. मात्र द्रव खरोखर बंदिस्त असला पाहिजे. झिजलेले सील झटक्याच्या दाबाने फाकून सिलिंडरला चिकटते आणि ब्रेक निर्दोष भासतो. सौम्य, अखंड दाबाखाली त्याच्या कडेने द्रव मागे झिरपतो. घाईने केलेल्या चाचणीत हा दोष सापडत नाही, याचे कारण हेच.

आणि लिव्हर मऊ लागण्याचे हे एकमेव कारण नव्हे. नळीत हवा शिरली असेल, तर तो थंड गाडीतही स्पंजासारखा दबतो आणि पंप केल्यावर सुधारतो. रबरी पाइप जुना होऊन फुगत असेल, तरी हाताला जवळपास तसेच जाणवते. सकाळी उत्तम असलेला ब्रेक घाटात नाहीसा होतो आणि थोडे थांबल्यावर परत येतो, तेव्हा संशय ऑइलवर घ्यावा. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा 155 अंशांची आहे. सततच्या उतारावर तापलेल्या कॅलिपरमध्ये त्याची वाफ होते, आणि वाफ दाब वाहून नेत नाही. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात वावरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. याउलट लिव्हर कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर तेलकट किंवा चकाकी आलेले पॅड आणि अडकलेले पिस्टन तपासावेत.

हाताला एकच तक्रार जाणवते आणि तिच्यामागची कारणे इतकी भिन्न असतात. त्यांतून खरे कारण वेगळे काढण्यास वेळ लागतो, आणि आपल्या व्यवहारात त्या वेळेला दर नाही. बिलावर पॅडची किंमत असते, ऑइलची असते, मजुरी असते. विचार करण्यात गेलेल्या तासाची नोंद कुठेच नसते. मग कारागीर सुटे भाग बदलत राहतो, यात दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणावा? ज्या कौशल्याचे मोल आपण देत नाही, ते पुढच्या पिढीत उतरेल ही अपेक्षा अन्यायाची आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस अनिवार्य झाले, हे उत्तमच झाले. परंतु एबीएसही त्याच द्रवावर आणि त्याच सीलवर अवलंबून असते. झिजलेल्या सीलची उणीव ते भरून काढत नाही.

चैत्रात खानदेशातून हजारो भाविक पायी गडाकडे येतात. रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या त्या माणसांना आपल्या मास्टर सिलिंडरची स्थिती ठाऊक नसते. आपण थांबू शकू, एवढेच त्यांनी गृहीत धरलेले असते. वाहन आपले असले, तरी त्याच्या ब्रेकवर त्यांचाही हक्क आहे.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. पुढचा ब्रेक थोडाही वेगळा जाणवला, तर मिस्तरींना “पॅड बदला” असे सांगू नका. काय जाणवते, केव्हा जाणवते, थंड असताना की तापल्यावर, एवढे नेमके सांगा. हवी तर गाडी त्यांच्याकडे रात्रभर राहू द्या. आणि एकही भाग बदलावा लागला नाही, तरी तपासणीचे पैसे आग्रहाने द्या.