काडी मार्कावर होती

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे तात्यांची दुधाची गाडी यायची. तात्या हिशेबाला पक्के. ऑइल बदलायचं निघालं की म्हणत, "कशाला सांडायचं? कमी झालं की वरनं टाकतोय न्हवं? काडी बघा, मार्कावर हाय."

ऑइल मोजायची काडी खरंच मार्कावर असायची. पण गाडीची फेरी गावातून संकलन केंद्रापर्यंत, दोन-तीन किलोमीटरची, तीही पहाटेच्या गारठ्यात. इंजिन नीट तापायच्या आतच बंद. अशा फेरीत आत धरलेलं पाणी उडून जात नाही, ते ऑइलात मिसळतं. त्यात काजळी आणि न जळलेलं डिझेल. ही घाण तरंगती ठेवणारी रसायनं नव्या ऑइलात असतात, पण ती कधीतरी संपतात आणि घाण बसू लागते. मिस्त्रींनी एकदा ऑइलचं झाकण काढून आतला पिवळट, लोण्यासारखा थर बोटावर घेऊन दाखवला. "तात्या, खालचं ऑइलचं चेंबर उतरवू या."

"सुगी होऊ दे," तात्या म्हणाले.

पुढं सकाळी सकाळी टॅपेट वाजायला लागले. तात्यांनी आणखी थोडं ऑइल ओतलं. मग चढावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकला. तात्यांनी उतरून काडी पाहिली, मार्कावर होती, आणि गाडी तशीच दामटली. भरल्या कॅनांसकट इंजिन जाम झालं.

चेंबर उतरवलं तर तळाशी काळा लगदा. पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती पार लिंपलेली, एक भोक मोकळं नाही. क्रँक निळा पडलेला, बेअरिंग घासून आतलं तांबं उघडं पडलेलं.

"पण ऑइल तर होतं!" तात्या म्हणाले.

"होतं की. खालीच होतं. वर जायला वाट नको?"

तात्यांच्या मुलानं विचारलं, घरच्या दुसऱ्या जुन्या गाडीत इंजिन आतून धुणारं फ्लश घालून ती पळवू का? मिस्त्रींनी त्याला अडवलं. इतक्या दिवसांचा थर एकदम सुटला तर त्याचीच ढेकळं जाळी बुजवतात. आधी चेंबर उतरवून जाळी हातानं धुवायची, नवा फिल्टर आणि नवं ऑइल घालायचं, अन् तेही लवकर बदलायचं.

तात्यांचा क्रँक ग्राइंडिंगला गेला. तोवर दूध भाड्याच्या गाडीनं जात राहिलं.

तुमची गाडीही जवळच्याच फेऱ्या मारत असेल, तर ऑइलसाठी नुसते किलोमीटर मोजू नका, महिनेही मोजा. आणि चालत्या गाडीत ऑइलचा दिवा लागला, तर काडी भरलेली असली तरी गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा.