श्वास रोखा, सोडा

उद्या मॅमोग्राफी आहे. फाईल कपाटातून काढून ठेवली आहे. आता थोडा वेळ नुसत्या बसा. पाठ टेकू द्या, पाय जमिनीवर. श्वास येतोय, जातोय. तेवढंच पाहा.

फाईल उघडू नका. तिच्यावर फक्त हात ठेवा. हाताळून हाताळून तिच्या कडा मऊ झाल्या आहेत. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं या कागदांत आहे, आणि ते सगळं पार करून आलेला हा हात आत्ता वर आहे.

पोटात गोळा आला असेल. येऊ द्या. उपचार संपून कितीही वर्षं झाली तरी तारीख जवळ आली की तो येतो. ‘मला भीती वाटते आहे,’ असं मनाशी म्हणा आणि थांबा. मग हेही म्हणा : तपासणी काही आणत नाही, जे आहे तेवढंच दाखवते.

आता उद्याची ती खोली डोळ्यांपुढे आणा. काखेत पावडर किंवा डिओडरंट लावलेलं नाही, कारण त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. प्लेट गार लागते. वरची पट्टी खाली येते, दाब वाढतो. बाई म्हणतात, “श्वास रोखा.” काही सेकंद. “सोडा.” एकदा वरून, एकदा तिरकं. ऑपरेशनची बाजू दुखरी असेल तर आधीच सांगा. एक स्तन काढलेला असेल तर फोटो दुसऱ्या बाजूचा निघतो. व्रणाची बाजू डॉक्टर हातानं तपासतात.

इथे जरा रेंगाळा. डॉक्टर नवी फिल्म मागच्या वर्षीच्या फिल्मशेजारी ठेवतात. व्रणाची रेघ, ऑपरेशनच्या जागी ठेवलेल्या धातूच्या बारीक क्लिपा, रेडिएशननंतर दाट झालेला भाग, हे सारं तिथे दिसतंच. त्यांना पाहायचं असतं ते काय बदललं. तुमची तुलना तुमच्याशीच होते, दुसऱ्या कुणाशी नाही. एरवीही स्वतःकडे असंच पाहता येईल का? आजारापूर्वीच्या आपल्याशी नको, गेल्या वर्षीच्या आपल्याशी ताडून पाहा. तेव्हा हात किती वर जात होता? झोप कशी होती?

कदाचित आणखी एक फोटो काढायला किंवा सोनोग्राफीला बोलावतील. काळजाचा ठोका चुकेल. पण व्रणामुळे चित्र नीट उलगडत नाही म्हणूनही पुन्हा पाहावं लागतं. बोलावणं म्हणजे निकाल नव्हे. श्वास रोखला असेल तर सोडा.

बाकावर शेजारी दुसरी कुणी असेल, मांडीवर अशीच फाईल घेऊन. परळला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या दारी अशा कितीजणी लांबच्या गावांहून येतात. कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली असते. थोडं सरकून तिला जागा द्या. तिच्यासाठीही एक श्वास घ्या.

आता डोळे उघडा. मागच्या फिल्म पिशवीत घाला. साधारणपणे ही तपासणी वर्षातून एकदा असते. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. आणि मध्येच गाठ लागली, कातडी बदलली, हात सुजला, तर तारखेची वाट पाहत बसू नका. त्याच आठवड्यात दाखवा.