दोन प्रतींची चिठ्ठी

आंबिवलीहून मुंबईचं सीएसएमटी साठेक किलोमीटर. शेजारच्या मोहोन्याचा एनआरसी हा रेयॉनचा कारखाना २००९मध्ये बंद पडला आणि इथली उरलीसुरली घड्याळंही लोकलच्या वेळापत्रकाला लागली. अशा गावातल्या नोकरदाराला लक्ष टिकू न देणारा एडीएचडी असेल, जोडीला चिंतेचा विकार असेल, तर औषधाचं गणितही गाडीच्या वेळेवर मांडावं लागतं.

एडीएचडीवरची मिथाइलफेनिडेटची साधी गोळी साधारण चार तास काम करते. सकाळी घर सोडताना घेतली तर तिचा निम्मा गुण लोकलच्या दारात उभं राहण्यातच संपतो. दुपारी उशिरा घेतली तर रात्री झोप उडते, आणि जागरणानंतरच्या सकाळी चिंता जास्तच छळते. सावकाश विरघळणारी गोळी आठ ते बारा तास चालते, म्हणून ती बऱ्याच जणांना सोयीची पडते. पण तीही उतरते ती संध्याकाळी, कल्याणच्या पुलावरच्या रेटारेटीत, घरून काय आणायला सांगितलं होतं ते आठवायच्या वेळी. भूक मरते ती वेगळीच. डबा तसाच परत आला की घरात खटका उडतो. छाती धडधडते ती गोळीमुळे की काळजीमुळे, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणूनच डॉक्टर नाडी आणि रक्तदाब पाहत राहतात. काहींना मिथाइलफेनिडेटऐवजी अॅटोमोक्सेटीन देतात. त्याचा आणि चिंतेवरच्या एसएसआरआय गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि एसएसआरआयने पहिल्या दिवसांत अस्वस्थता कधीकधी वाढतेसुद्धा. ‘काही फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडून देणारे बहुधा याच आठवड्यांत सोडतात.

हे सगळं निभावता येतं. खरी दमछाक मेडिकलच्या काउंटरवर होते. १९४५च्या औषध नियमांनुसार मिथाइलफेनिडेट ‘एक्स’ अनुसूचीत आहे. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो आणि चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची. त्यामुळे हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसतंच. म्हणजे चिठ्ठी हरवणं, तारीख चुकणं, रांगेत चुळबुळणं हाच ज्याचा आजार, त्यानेच दर खेपेला तारीख सांभाळायची, दोन्ही प्रती जपायच्या आणि परवान्याचं दुकान हुडकायचं! उलट झटपट शांत करणारं अल्प्राझोलम २०१४पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहे. त्याला चिठ्ठी आणि दुकानाच्या वहीत नोंद पुरते. सवय लावण्यात ते मुळीच मागे नाही, पण मिळतं सोपं, म्हणून घबराटीचा माणूस तिकडेच वळतो.

कुलपाला माझा विरोध नाही. उत्तेजक औषधांचा गैरवापर होतो, कायद्याची भीती खोटी नाही. पण रुग्णाची लाजही खोटी नाही. ठाण्यात १९०१ सालचं मनोरुग्णालय आहे आणि १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे. तरी आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ हा विनोद अजून चालतो. तो विनोद ऐकत वाढलेल्या माणसाने एकदा धीर करून उपचार घ्यायचं ठरवलं, तर त्याला चार दुकानांतून ‘नाही’ ऐकावं लागू नये. आणि काउंटरवर मोठ्याने ‘हे कशासाठी घेता?’ हा प्रश्नही नको.

‘एक्स’चा परवाना कोणाला दिला, याची नोंद अन्न व औषध प्रशासनाकडे असतेच. अशा दुकानांची तालुकावार यादी प्रशासनाने मराठीत छापावी आणि प्रत्येक मानसोपचार ओपीडीच्या दारावर लावावी. याला नवा कायदा लागत नाही.